पन्नास लिटर समुद्राचे सफाईवाले

धसई गावाला समुद्र नाही. मुरबाड-शहापूरचं पाणी काळू-भातसा करत उल्हासला मिळतं आणि वसईच्या खाडीतून समुद्राला जातं. उलट दिशेने समुद्र इकडे आणायचा, तर तो पुड्यातूनच आणावा लागतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ, म्हणजे पन्नास लिटरच्या टाकीला पावणेदोन किलो. पाणी आरओचं घ्यावं, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार शेवाळाला खतासारखे लागू पडतात. एवढ्या भांडवलावर घरात एक छोटा समुद्र नांदतो. तो नांदता ठेवणारी मंडळी इतकी भन्नाट आहेत, की त्यांची ओळख झाली की रंगीत माशांकडे लक्षच जात नाही.

हौशी लोक या मंडळींना ‘क्लीन-अप क्रू’ म्हणतात. त्यात शंखातल्या गोगलगाई येतात, खेकडे, कोळंब्या, तारामासेही येतात. दुकानात यांचा तयार सेट विकायला असतो. तो सेट घेऊ नका. आधी टाकीत घाण कसली साठलीय ते बघा, मग त्या घाणीला तोंड लावणारा प्राणी निवडा.

लोखंडी दात

गोगलगाईच्या तोंडात दातांची पट्टी असते. भाताच्या खाचरातल्या गोगलगाईला असते, तशीच समुद्रातलीलाही. शेवाळलेल्या काचेवर ती चढली की बाहेरून भिंग लावून बघा: तोंड उघडतं, फितीसारखी जीभ पुढे येते, काच खरवडते आणि आत जाते. मागे नागमोडी स्वच्छ रेघ उमटत जाते. खडकाला घट्ट चिकटून बसणाऱ्या लिंपेट या शंखप्राण्याच्या दातांत तर गोथाइट नावाचं लोहखनिज असतं. २०१५ साली ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दात ताणून पाहिले. सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत तोवर माहीत असलेला सगळ्यात मजबूत पदार्थ तोच निघाला. कोळ्याच्या जाळ्याचा धागाही त्याच्या मागे पडला.

काचेवरच्या पातळ हिरव्या थराला नेराइट ही गोगलगाय उत्तम. फक्त ती काचेवर पांढरे ठिपके सोडते. ती तिची अंडी. टाकीत त्यांतून पिल्लं वाढत नाहीत आणि ठिपके सहजासहजी निघत नाहीत. शिवाय नेराइट मुळात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, पाण्याबाहेर फिरायची तिला सवय. झाकण नसेल तर सकाळी ती भिंतीवर सापडते.

उलटी पडली की संपली

अॅस्ट्रिया नावाची सुंदर, पायऱ्यापायऱ्यांच्या शंखाची गोगलगाय वाळूत उलटी पडली तर बहुतेक वेळा स्वतः सुलटी होऊ शकत नाही. कुणी उचलली नाही तर तिथेच मरते, नाहीतर खेकडा तिला खातो. ट्रोकस गोगलगाय मात्र पाय वळवून सुलटी होते. कामाला दोघी सारख्याच, म्हणून दिवसभर घराबाहेर असणाऱ्या माणसाने ट्रोकसच घ्यावी. एक खबरदारी मात्र हवी: मोठी ट्रोकस निलोटिकस आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. दुकानदाराला जात विचारा. सांगता आली नाही, तर दुसरं दुकान गाठा.

वाळूतलं नाक

नॅसॅरियस गोगलगाय दिवसभर वाळूत पुरलेली असते. वर दिसते ती एक बारीक नळी, वास घेणारी. टाकीत कोळंबीचा एक तुकडा टाका आणि बघत राहा. वाळू इथे हलते, तिथे हलते, आणि क्षणात सगळ्या नॅसॅरियस वर येऊन पळत सुटतात. गोगलगाय पळताना बघायची असेल तर ही संधी सोडू नका. ती शेवाळ खात नाही. तिचं पोट उरलेल्या मांसावर आणि मेलेल्या माशावर चालतं. शेवाळासाठी नॅसॅरियस आणणं म्हणजे तिला उपाशी मारणं.

घरांची रांग

दुसऱ्याच्या शंखात राहणारा हर्मिट खेकडा पोटाकडून मऊ आणि पिळलेला असतो. अंग वाढलं की घर लहान पडतं. किनाऱ्यावर रिकामा मोठा शंख सापडला की कित्येकदा हे खेकडे आकाराप्रमाणे ओळीत उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या घरात शिरतो, दुसरा त्याच्या जुन्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या. मिनिटाभरात सगळ्या रांगेचं स्थलांतर पार पडतं. टाकीत रिकामे शंख नसतील तर तो जिवंत गोगलगाईला मारून तिचं घर घेतो. म्हणून प्रत्येक हर्मिटमागे दोन-तीन रिकामे शंख, थोडे मोठे, वाळूवर ठेवलेच पाहिजेत.

हे सगळं फुकट बघायचं असेल तर कल्याणहून लोकल पकडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी येते, तशी ओहोटीही लांबवर जाते. हाजीअली, गिरगाव, जुहूच्या खडकांवर तेव्हा हर्मिट, नेराइट, लिंपेट, नाजूक हातांचे तारामासे असं सगळं आपापल्या जागी काम करताना दिसतं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून लोकांना हा किनारा दाखवत आली आहेत. टाकीत एकही प्राणी सोडण्याआधी प्रत्येकाने अशी एक ओहोटी बघावी, असं मला मनापासून वाटतं. बघायचं फक्त, पिशवीत भरून आणायचं नाही.

दोघेही आई, दोघेही बाप

लाल अंग, पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा अशी क्लीनर कोळंबी आयुष्य नर म्हणून सुरू करते. पुढे ती एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होते. म्हणजे कुठल्याही दोन मोठ्या कोळंब्या आणा, जोडी जमतेच, आणि दोघींच्या पोटाखाली अंडी दिसतात. माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी ती टिपते. हात पाण्यात स्थिर धरा, तुमचीही नखं कोरून देईल. तिची बहीण पेपरमिंट कोळंबी आयप्टेशिया नावाचं त्रासदायक तण फस्त करते. ते दिसायला रोपटं, पण खरा प्राणी.

मुठ्याला समुद्र लागत नाही

पहिल्या पावसात आपल्या बांधांवर मुठे निघतात, तेव्हा मादीच्या पोटाखाली बघा. इवलीइवली, पूर्ण आकाराची पिल्लं तिथे चिकटलेली असतात. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांनी समुद्राशी नातंच तोडलंय, अंड्यातून थेट खेकडाच बाहेर येतो. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं मात्र आधी आईबापांसारखी अजिबात न दिसणाऱ्या रूपात पाण्यावर तरंगत वाढतात. घरच्या टाकीत ती फिल्टरमध्ये जातात किंवा माशांच्या पोटात. म्हणून टाकीतली खेकडे-कोळंब्यांची टोळी आपोआप वाढत नाही. खाचरातला मुठा किंवा ओढ्यातली गोगलगाय मिठाच्या टाकीत सोडण्याचा प्रयोगही करू नका, बिचारी जगणार नाहीत.

निळं रक्त आणि तांबं

खेकडे, कोळंब्या, गोगलगाई यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम तांबं करतं, म्हणून त्यांचं रक्त निळसर दिसतं. तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं त्यांना मारतं. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. औषध द्यायचं तर माशाला वेगळ्या बादलीत काढून द्या. एकदा औषध पडलेल्या टाकीचा खडक तांबं धरून ठेवतो आणि हळूहळू सोडत राहतो.

तारामाशाला तर रक्तच नसतं, तो समुद्राचं पाणीच अंगात खेळवतो. वाळू चाळणारा तारामासा पन्नास लिटरमध्ये काही महिन्यांत वाळूतलं सगळं खाद्य संपवतो आणि उपाशी मरतो. दुकानात कितीही सुंदर दिसला तरी नको.

समुद्रकाकडीचा तर विचारच नको. ती गुदद्वारातून श्वास घेते आणि घाबरली की आतडी बाहेर फेकते, हे ऐकायला गमतीचं. पण भारतात २००१ पासून तिच्या सगळ्या जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत. कठीण प्रवाळही तिथेच, मेलेलं असलं तरी. म्हणून खडक सिरॅमिकचा घ्यावा.

धसईचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत पाणी उडतं, मीठ उडत नाही. दोन दिवसांत खारेपणा वाढतो आणि शंखवाले आधी आक्रसतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणी घाला, खारं नको. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच, कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि कोळंबी पहिली जाते.

पन्नास लिटरला माझी शिफारस अशी: तीन ट्रोकस, दोन नेराइट, तीन लहान नॅसॅरियस, एक कोळंबी. हर्मिट हवाच असेल तर एक. तेही टाकीत तपकिरी थर येऊन हिरवं दिसायला लागल्यावर, एकदम सगळे नाही. कुर्ल्याच्या बाजारातून कल्याण, मुरबाड करत आलेली पिशवी लगेच ओतू नका. बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडत तासभर द्या.

आणि ही मंडळी घाण नाहीशी करत नाहीत. ती शेवाळाची लेंडी करतात, लेंडी पाण्यातच राहते. आठवड्याला पाच लिटर पाणी बदलायचं काम आपलंच.

गोगलगाय दोन दिवस हलली नाही तर उचलून वास घ्या. जिवंत असेल तर समुद्राचा वास येतो आणि दार आवळलेलं असतं. मेलेली असेल तर नाकाला लगेच कळतं. तो शंख त्याच क्षणी बाहेर काढा आणि दहा लिटर पाणी बदला, कारण पन्नास लिटरमध्ये एक कुजलेली गोगलगाय रातोरात अमोनिया वाढवते.