प्लॅन उलटा करा!

कोंडाणे लेणी, राजमाची आणि लोणावळा. बावीस किलोमीटरचा, पूर्ण एका दिवसाचा भन्नाट ट्रेक. फक्त आखणी शेवटापासून करायची.

मी फ्रीलान्सर. मला ऑफिस नाही, पण मित्रमंडळी सगळी ऑफिसवाली. त्यामुळे पहिला दणदणीत पाऊस झाला की फोन ठरलेला, 'या शनिवारी राजमाची?' पाच मिनिटांत आठ जण तयार. टी-शर्ट कुठला, भजी कुठे, फोटो कोण काढणार, सगळं फटाफट ठरतं. एक गोष्ट मात्र कुणीच ठरवत नाही. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला कसं लागायचं?

आधी वाट समजून घेऊ. कर्जतहून टमटमने कोंदिवडे गाव. तिथून तासाभरात कोंडाणे लेणी. लेण्यांपासून जंगलातून खडा चढ चढून राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी. डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. आणि उधेवाडीपासून तुंगार्लीमार्गे लोणावळ्यापर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरचा कच्चा, चिखलाचा पण रुंद गाडीरस्ता.

बहुतेक ग्रुप हा ट्रेक लोणावळ्याहून सुरू करतात. कारण काय, तर 'उतरणं सोपं असतं बॉस!' इथेच घोळ आहे. लोणावळ्याहून निघालात, की पंधरा किलोमीटर चालून पाय बोलायला लागल्यावर, दुपार कलल्यावर, शेवाळलेल्या दगडांवरचा उतार वाट्याला येतो. दाट झाडी असल्यामुळे तिथे अंधारही लवकर होतो. म्हणजे ट्रेकचा सगळ्यात अवघड भाग सगळ्यात वाईट वेळी! कर्जतहून चढलात तर हा भाग सकाळी, ताज्या पायांनी होतो. शेवटी उरतो तो गाडीरस्ता. कंटाळवाणा आहे, मान्य. पण टॉर्च लावून चालता येतो, आणि कुणाचा पाय मुरगळलाच तर उधेवाडीतून जीप मिळवायचा प्रयत्न तरी करता येतो. घसरड्या उतारावर तोही पर्याय नसतो.

आता वेळेचं गणित. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम मांडला होता. दर तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरना, एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपले बावीस किलोमीटर म्हणजे जवळपास साडेचार तास. उधेवाडीपर्यंतचा चढ आणि वर श्रीवर्धन धरला तर आणखी सव्वा तास. झाले पावणेसहा. पण नेस्मिथसाहेबांच्या हिशेबात चिखल नव्हता, आणि दर धबधब्यापाशी फोटोसाठी थांबणारे आपले मित्रही नव्हते. म्हणून मी सरळ दीडपट करते, साडेआठ तासांच्या थोडं वर. लेणी आणि जेवण मिळून पावणेदोन तास. एकूण साडेदहा!

जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. कोंदिवडे सकाळी सातला सोडलंत तर साडेपाचला लोणावळा, वर पावणेदोन तास हातात शिल्लक. ही शिल्लक फोटोंवर उधळायची नाही, ती पावसासाठी राखायची. मुंबईकरांना पहाटेची कर्जत लोकल पकडून हे जवळपास जमतं. पुणेकरांची मात्र पंचाईत, कारण पुण्याची लोकल लोणावळ्यापर्यंतच धावते, पुढे घाटात एक्स्प्रेसच. त्यामुळे एक तर आदल्या रात्री कर्जतला मुक्काम, नाही तर किल्ला पुढच्या वेळी. दोन्ही हवं म्हणाल तर अंधार ठरलेला.

कोंडाण्याला पाऊण तास द्याच. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची ही बौद्ध लेणी, चैत्य आणि विहार मिळून सोळा. चैत्याच्या दर्शनी भागाशी एका भग्न यक्षमूर्तीचं शिर आहे आणि त्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ. कान्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं, एवढाच तिचा मतलब. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची सही! राजाचं नाव नाही, दात्याचं नाही, करणाऱ्याचं आणि त्याच्या गुरूचं आहे. मला तरी ती ओळ पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पावसाळ्यात याच लेण्यांच्या कपाळावरून धबधबा कोसळतो. दृश्य जबरदस्त, पण थेट धारेखाली उभं राहू नका. पाण्याबरोबर वरून दगडही येतात. दुसरी भीती ओढ्यांची. तुमच्या डोक्यावर ऊन असेल, पण वर डोंगरावर पाऊस झोडपत असेल तर पाणी काही मिनिटांत चढतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की लगेच काठ गाठायचा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. फिरायलाच आले होते, आपल्यासारखेच.

म्हणूनच आमच्या ग्रुपचा एक नियम आहे, 'बाराचा ठोका'. दुपारी बारापर्यंत उधेवाडी आली नाही तर किल्ला रद्द. आणि चढावरचा ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ट्रेकच रद्द, आल्या वाटेने परत. हे निघायच्या आदल्या दिवशी ठरवायचं, कारण ओढ्यासमोर उभं राहून मतदान घेतलं तर उत्साहच जिंकतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही लेण्यांच्या जरा वरून असेच मागे फिरलो. एक मैत्रीण जाम वैतागली, खास सुट्टी टाकून आली होती. कर्जत स्टेशनवर गरम वडापाव हातात येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या खेपेला ग्रुपवर 'बाराचा ठोका लक्षात आहे ना?' असा मेसेज मात्र तिनेच सगळ्यात आधी टाकला.

आणि हो, जुलैचाच हट्ट कशाला? सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बघा. धबधब्यांना पाणी असतं, ओढे शांत झालेले असतात, पठारावर सोनकी पिवळीधमक फुललेली असते आणि धुकं हटलं की श्रीवर्धनवरून उल्हास नदीचं अख्खं खोरं दिसतं. फक्त तेव्हा सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हिशेब पुन्हा मांडायला हवा. मांडाच. शनिवारची सकाळ कशी जाईल ते शुक्रवारी रात्रीच्या त्या दहा मिनिटांवर ठरतं.

निघण्यापूर्वी
- ही वाट रायगड जिल्ह्यात सुरू होऊन पुणे जिल्ह्यात संपते. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचे आदेश तपासा. बंदी असेल तर जाऊ नका.
- उधेवाडीत घरगुती पिठलं-भाकरी मिळते. आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगा.
- प्रत्येकाकडे स्वतःचा टॉर्च. मोबाइलचा नव्हे.
- नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. दरीत रेंजचा भरवसा नाही.
- घरी एका माणसाला वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. अडचणीत ११२.