वॉर्डात शिकलेले घरी उतरावे म्हणून

मनोरुग्णालय म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उंच भिंती, कुलुपे आणि औषधांची ट्रॉली उभी राहते. त्या भिंतींच्या आत एक शाळाही भरते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. आठ-दहा रुग्ण गोल करून बसतात. परिचारिका किंवा सामाजिक कार्यकर्ती प्रश्न टाकते, ‘बरे वाटू लागले, तरी गोळी का चालू ठेवायची?’ आणि बोलणे सुरू होते. आपला मुलगा, पत्नी अथवा भाऊ दाखल असेल तर या शाळेची आपण अवश्य चौकशी करावी. कारण तिचा निम्मा अभ्यास आपल्या वाट्याचा आहे.

तिच्या एका भागाला मनोशिक्षण म्हणतात. आजाराचे नाव काय, औषध काय करते, त्याने हात का थरथरतात, वजन का वाढते, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावले जाते. आजार ऐन भरात असताना याचा उपयोग होत नाही. झोप लागू लागली, समोरच्याचे ऐकून घेता येऊ लागले, की मग अर्ध्या-पाऊण तासाच्या लहान तासिका. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, असे शिक्षण मिळालेल्यांत आजार उलटण्याचे आणि पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले आहे. माझ्या मते यातील सर्वांत मोलाचा धडा पूर्वसूचनांचा. आजार उलटण्याआधी प्रत्येकाची स्वतःची अशी लक्षणे दिसतात. कुणाची झोप उडते, कुणी ताट घेऊन खोलीत जाऊन जेवू लागतो, कुणी शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वारंवार पाहतो. ही लक्षणे घरच्यांना रुग्णाच्याही आधी दिसतात. म्हणून ती यादी दोघांनी मिळून, रुग्ण बरा असताना करावी.

दुसरा भाग कौशल्यांचा. दुकानात जाऊन साबण मागणे, बँकेत पावती भरणे, ‘या औषधाने मला दिवसभर गुंगी येते’ असे डॉक्टरांना सांगणे, मित्राने पुढे केलेली दारू नाकारणे, या आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी दीर्घ आजारात हातून निसटतात. वॉर्डात त्यांचे लहान तुकडे केले जातात. आधी शिकवणारा करून दाखवतो, मग रुग्ण नाटकासारखा प्रसंग करून पाहतो. काय नेमके चांगले झाले ते सांगितले जाते, एखादीच सुधारणा सुचवली जाते, पुन्हा सराव होतो. अडचण पुढे आहे. वॉर्डात जमलेले घरी आपोआप जमत नाही. घर वेगळे, माणसे वेगळी, आणि मुख्य म्हणजे घरी सर्व काही करून देणारे आई-वडील हजर!

माझ्या दवाखान्यात येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक कित्येक वर्षे रोज रात्री मुलाच्या तळहातावर गोळी ठेवत. पाण्याचा पेलाही तेच धरत. मुलगा सेहेचाळीस वर्षांचा. गेल्या वेळी रुग्णालयात तो सात कप्प्यांची डबी स्वतः भरायला शिकला. घरी आल्यावर ती डबी कपाटात गेली. ‘चुकला तर?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मात्र ‘माझ्यानंतर कोण?’ हेही तेच विचारीत असत. अखेर मानसोपचारतज्ज्ञांच्या संमतीने ठरले, की रविवारी मुलाने डबी भरावी आणि वडिलांनी समोर खुर्चीत बसून केवळ पाहावे. पहिल्या दोन रविवारी कप्पे चुकले, ते तेथल्या तेथे दुरुस्त झाले. आता वडील फक्त रात्री डबीवर नजर टाकतात. सर्वांनाच हे जमेल असे नाही. आत्महत्येचे विचार येऊन गेले असतील, तर औषधे आपल्याच ताब्यात ठेवावीत.

कुटुंबाला सोबत घेण्याची कल्पना आपल्या देशात जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहू दिले आणि शुश्रूषेत सहभागी करून घेतले. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांना, घरी परतलेल्यांपैकी काहींचाच आजार का उलटतो, हा प्रश्न पडला होता. पुढे दिसले, की सतत टीका होणाऱ्या किंवा अतिकाळजीने वेढलेल्या घरांत तो अधिक उलटतो. टीका वाईट हे आपण चटकन मान्य करू. अतिकाळजीचे पटायला वेळ लागतो. यात दोष देण्याचा हेतू नाही. वर्षानुवर्षे घाबरून राहिलेले मन असेच वागते. आपल्याकडे आधारगटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. अशा गटात एकदा जाऊन बसा. आपल्यासारखे थकलेले शुभंकर भेटणे हाही उपचारच आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी पुढील उपचारांविषयी त्याच्याशी आणि तो ज्यांच्याकडे राहणार आहे त्यांच्याशी विचारविनिमय व्हायला हवा. तेव्हा संकोच न करता विचारा : येथे तो काय काय शिकला? घरी कोणते काम त्याचे त्यानेच करायचे? पूर्वसूचना दिसल्यास कुणाला फोन करायचा?

आमच्यासारख्या साध्या डॉक्टरकडे सर्दी-तापासाठी येतानाही त्याच्या औषधांची चिठ्ठी सोबत असू द्या. लिथियम चालू असताना गुडघेदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेतल्यास रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते; जुलाब-उलट्यांतही तोच धोका असतो. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप किंवा घसादुखी झाली, तर पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी करावी. आणि ही चिठ्ठी माझ्या टेबलावर आपण ठेवू नका, त्याला ठेवू द्या. मी प्रश्न त्यालाच विचारीन. उत्तराला थोडा वेळ लागला, तरी आपण दोघे थांबू.

रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले, तर टेली-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक नि:शुल्क आहे. तो त्याच्याही फोनमध्ये त्याच्याकडूनच साठवून घ्या.