लाकडी डेकची जोडसाधने

लाकडी डेकची जोडसाधने : घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, जमिनीपासून काही उंचीवर, खांब व तुळया यांवर उभारलेल्या उघड्या लाकडी बैठकीस डेक म्हणतात. तिचे भाग एकमेकांस व घरास जोडणारे खिळे, स्क्रू, बोल्ट आणि पोलादी पत्र्याचे घडीव टेकू ही तिची जोडसाधने होत. अमेरिकेची सं. संस्थाने व कॅनडा या देशांत लाकडी सांगाड्याच्या घरांना असा डेक जोडण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार पसरली. डेकची रचना महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या कडीपाटासारखीच असते : खांबांवर तुळई, तुळईवर कड्या व कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. मात्र कडीपाटाच्या कड्यांची टोके भिंतीत रोवलेली असतात. डेकच्या कड्या घराकडील बाजूस एका आडव्या भिंतपट्टीला टांगलेल्या असतात आणि ही भिंतपट्टी घराच्या चौकटीला केवळ जोडसाधनांनी धरलेली असते. डेक कोसळतो तेव्हा लाकूड मोडण्याऐवजी हा सांधाच निसटल्याचे अनेकदा आढळते. २९ जून २००३ रोजी शिकागो येथे एका इमारतीमागील लाकडी सज्जे गर्दीच्या वेळी कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर अशा बांधकामांच्या तपासणीकडे विशेष लक्ष दिले जाऊ लागले.

प्रेरणांची दिशा : जोडसाधन निवडताना त्यावर प्रेरणा कोणत्या दिशेने येणार हे प्रथम पाहावे लागते. दोन लाकडे एकमेकांवरून घसरू पाहतात तेव्हा साधनावर आडवी कर्तन प्रेरणा येते. ती एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात तेव्हा साधन लाकडातून उपटले जाऊ लागते. गुळगुळीत खिळा कर्तनास बऱ्यापैकी विरोध करतो, परंतु उपटले जाण्यास त्याचा विरोध केवळ घर्षणाचा असतो. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे ही पकड वर्षागणिक सैल होते. लाकडाच्या तोंडाकडील छेदात, म्हणजे तंतूंना समांतर, ठोकलेल्या खिळ्याची उपटण्याविरुद्धची पकड अभिकल्पात शून्यच धरतात. डेकवर माणसे कठड्याकडे सरकली, नाचू लागली किंवा एका बाजूस झुकली की डेक घरापासून दूर ओढला जातो व भिंतपट्टीतील खिळ्यांवर नेमकी ही दुसरी प्रेरणा येते. उपटले जाण्याची शक्यता असलेल्या खिळ्यांनी डेक घरास जोडण्यास अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेने मनाई केली आहे ती याच कारणासाठी.

भिंतपट्टीचा सांधा : या सांध्यासाठी १२·७ मिमी. (अर्धा इंच) व्यासाचे बोल्ट किंवा त्याच व्यासाचे, षट्कोणी माथ्याचे जाड कोच स्क्रू वापरतात. बोल्ट दोन्ही लाकडांतून आरपार जाऊन पलीकडे वॉशर व नट यांनी आवळला जातो, त्यामुळे तो सर्वांत भरवशाचा. मात्र त्यासाठी घराच्या आतील बाजूने हात पोहोचावा लागतो. तशी सोय नसेल तेथे कोच स्क्रू बसवितात. त्याचे टोक घराच्या कडेच्या कडीतून पूर्णपणे बाहेर आले पाहिजे, कारण टोकाकडील निमुळता भाग पकडीच्या हिशेबात धरला जात नाही.

बोल्टमधील अंतर कड्यांच्या लांबीवर अवलंबून असते. वर उल्लेखिलेल्या संहितेत तक्तपोशीवर दर चौ. मी.स सुमारे १९५ किग्रॅ. चल भार व सुमारे ४९ किग्रॅ. स्थिर भार धरला आहे. कड्या ३·६६ मी. (१२ फूट) लांब असतील, तर त्यांचा निम्मा भार भिंतपट्टीवर येतो व तो पट्टीच्या दर मीटर लांबीस सुमारे ४५० किग्रॅ. भरतो. अशा डेकसाठी कोच स्क्रू ३८ सेंमी. (१५ इंच) अंतरावर, तर बोल्ट ७४ सेंमी. (२९ इंच) अंतरावर बसविण्यास सांगितले आहे. म्हणजे प्रत्येक कोच स्क्रूच्या वाट्याला सुमारे १७० किग्रॅ. व प्रत्येक बोल्टच्या वाट्याला सुमारे ३३० किग्रॅ. भार येतो. कड्या ५·५ मी. (१८ फूट) लांब असल्यास कोच स्क्रूंमधील अंतर २५ सेंमी. इतके कमी होते. ही अंतरे व्हर्जिनिया टेक व वॉशिंग्टन स्टेट या विद्यापीठांत प्रत्यक्ष सांधे भारून घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेली असून ती २००९ च्या संहितेत समाविष्ट झाली. सर्व साधने एका ओळीत न बसविता आळीपाळीने वर व खाली बसवितात, नाहीतर तंतूंच्या दिशेने पट्टी उभी चिरण्याचा धोका असतो. भिंतपट्टीच्या वरच्या कडेपासून किमान ५ सेंमी. व खालच्या कडेपासून किमान २ सेंमी. जागा सोडतात.

छिद्र पाडण्याकडे कारागीर अनेकदा दुर्लक्ष करतात. बोल्टसाठी छिद्र त्याच्या व्यासापेक्षा ०·८ ते १·६ मिमी. मोठे हवे, त्याहून सैल झाल्यास भार येताच सांधा सरकतो. कोच स्क्रूसाठी दोन मापांची छिद्रे लागतात : गुळगुळीत दांड्याइतके रुंद एक व पुढे आट्यांसाठी अरुंद दुसरे. पाइनसारख्या मध्यम घनतेच्या लाकडात हे दुसरे छिद्र दांड्याच्या व्यासाच्या ६० ते ७५% ठेवतात, कठीण लाकडात थोडे अधिक. कोच स्क्रू पान्याने फिरवूनच बसवावा. हातोड्याने ठोकल्यास आट्यांभोवतीचे तंतू तुटतात. बाहेरून सांधा पक्का दिसतो, पण त्याची पकड गेलेली असते. पाना जड चालू लागल्यास आट्यांना साबण लावण्यास हरकत नाही. माथा लाकडात रुतेपर्यंत आवळणेही तितकेच घातक आहे. ओल्या लाकडात बसविलेले बोल्ट लाकूड सुकल्यावर पुन्हा आवळावे लागतात.

डेक आडवा ओढला जाऊ नये म्हणून घराच्या आतील कड्यांना डेकच्या कड्यांशी जोडणाऱ्या पोलादी सळ्याही घालतात. प्रत्येकी सुमारे ६८० किग्रॅ. ओढ सोसणाऱ्या अशा दोन सळ्या पुरेशा मानल्या जातात.

कड्यांचे टेकू व कठडा : कडीचे टोक रिकिबीच्या आकाराच्या पत्र्याच्या टेकूत बसवितात. टेकूला पाडलेले प्रत्येक छिद्र सांगितलेल्या जाडीच्या खिळ्याने भरले, तरच त्याची लिहिलेली क्षमता मिळते. तक्तपोशीचे साधे स्क्रू येथे चालत नाहीत, कारण ते कठीण परंतु ठिसूळ असून कर्तनात एकाएकी तुटतात. यासाठी वेगळे संरचनात्मक स्क्रू मिळतात. तुळई खांबाच्या कुशीला बोल्टने लटकविण्यापेक्षा खांबाच्या माथ्यावर खाच करून टेकविणे केव्हाही श्रेयस्कर, कारण मग भार लाकडावरून लाकडावर जातो व बोल्टला केवळ जागा धरून ठेवावी लागते.

कठड्याच्या खांबावर येणारी प्रेरणा वरवर क्षुल्लक वाटते, परंतु तेथे तरफेचा नियम लागू पडतो. ९१ सेंमी. उंच खांबाच्या माथ्यावर सुमारे ९१ किग्रॅ. आडवा रेटा आला आणि त्याचे दोन बोल्ट एकमेकांपासून १३ सेंमी. अंतरावर असले, तर वरच्या बोल्टवर रेट्याच्या आठपटींहून अधिक, म्हणजे साडेसातशे किग्रॅ.च्या आसपास ताण येतो. एवढा ताण कडेची एकटी फळी सोसू शकत नाही. म्हणून वरचा बोल्ट पोलादी कोनाने आतील कडीशी जोडतात.

गंज व धातूची निवड : डेकचे लाकूड कीड व बुरशी यांपासून वाचविण्यासाठी परिरक्षक द्रव्ये दाबाने भरतात. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे प्रसिद्ध मिश्रण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये शोधून काढले व पुढे ते जगभर रूढ झाले. आर्सेनिकाच्या भीतीमुळे २००३ अखेर अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते थांबविण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याचे प्रमाण अधिक असून गंज रोखणारे क्रोमियम नाही. ओलाव्यात तांबे व पोलाद यांच्यात विद्युत् घटासारखी क्रिया होऊन पोलाद झिजते. जुन्या लाकडात वर्षानुवर्षे टिकणारे खिळे नव्या लाकडात लवकर गंजू लागले ते यामुळे.

विद्युत् विलेपनाने दिलेला जस्ताचा थर सामान्यतः ५ ते १० मायक्रॉन जाड असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर ४० ते ५० मायक्रॉन किंवा अधिक असतो. दुकानात चकचकीत दिसणारा स्क्रू बहुधा पहिल्या प्रकारचा असतो व तो डेकसाठी निरुपयोगी होय. किमान दुसऱ्या प्रकारचा, आणि समुद्रालगत मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीच्या अगंज पोलादाचा वापर करतात. जस्तलेपित टेकूत अगंज पोलादाचे खिळे घातल्यास टेकूचे जस्त लवकर झिजते. म्हणून टेकू व खिळे एकाच धातूचे असावेत. तांबेयुक्त लाकडाला ॲल्युमिनियम थेट लावीत नाहीत.

कोकण व गोवा येथील खाऱ्या हवेत ही काळजी अधिकच आवश्यक ठरते. तेथील जांभ्याच्या भिंतींना वरील अंतरांचे कोष्टक लागू पडत नाही, कारण ते लाकडी चौकटीसाठी आहे. अशा घरालगत डेक भिंतीला न टांगता सर्व बाजूंनी स्वतःच्या खांबांवर उभा करणे सोयीचे असते. भारतात खिळ्यांच्या व बोल्टच्या लाकडी सांध्यांसाठी अनुक्रमे आयएस २३६६ व आयएस ११०९६ ही मानके आहेत.

तपासणी : भिंतपट्टीच्या मागे पाणी मुरू नये म्हणून तिच्या वर वाकविलेला पत्रा बसवितात. तो फाटला किंवा मुळातच बसविला नसेल, तर पट्टीमागचे लाकूड कुजते व उत्तम बोल्टही कुजलेल्या लाकडात निराधार राहतो. तपासणीत टोकदार साधनाने लाकूड टोचून पाहतात, नट सैल झाले आहेत का हे पाहतात व माथ्याखालून उतरलेले तांबूस ओघळ शोधतात. बोल्ट माथ्याशी शाबूत दिसत असला, तरी दोन लाकडांच्या सांध्यात, जेथे ओल टिकते तेथे, त्याचा दांडा झिजून बारीक झालेला असू शकतो. त्यामुळे संशय आल्यास एक-दोन बोल्ट काढून त्यांचा मधला भाग पाहणे हाच खात्रीचा उपाय होय.