एरंडेल: घाण्याचं की रिफाइंड?

केसांसाठी एरंडेल घ्यायला गेलं की दुकानदार दोन बाटल्या पुढे करतो. एक पिवळसर, उग्र वासाची, दुसरी जवळजवळ पाण्यासारखी. पहिली घाण्याची, दुसरी रिफाइंड. दर अर्थातच पहिलीचा जास्त!

एरंडेलाचा दाटपणा येतो रिसिनोलिक आम्लातून. तेलात ते साधारण ८५ ते ९० टक्के असतं आणि रिफाइंड केलं तरी जात नाही. जातो तो रंग, वास, गाळ आणि थोडंफार ई जीवनसत्त्व. वासाने डोकं धरत असेल तर खुशाल रिफाइंड घ्या. मला स्वतःला घाण्याचंच आवडतं, पण ती आवड झाली. जमैकाचं काळं एरंडेल म्हणजे भाजलेल्या बियांचं तेल, त्याचा काळेपणा भाजण्यातून आणि राखेतून येतो.

आता केस वाढण्याचं. दोन्हींपैकी कुठल्याही तेलाने नवे केस उगवतात याला भक्कम पुरावा नाही. केस मऊ राहतात, चमकतात, कमी तुटतात, म्हणून लांब झाल्यासारखे वाटतात. टक्कल पडत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

नुसतं एरंडेल मात्र थापू नका. लांब केस एकमेकांत गुंतून असा घट्ट गोळा होतो, की शेवटी कात्रीच लावावी लागते, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. एक चमचा एरंडेलात तीन चमचे खोबरेल मिसळा, कोमट करा, तासाभराने धुऊन टाका. आणि बिया घरी कुटायच्या भानगडीत पडू नका, त्यात रिसिन नावाचं जहाल विष असतं.