छापले म्हणजे खरे काय?

‘जर्नल’ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे खाकी वेष्टन घातलेली प्रयोगवही उभी राहील. इथे काटोलला आमच्या कॉलेजातली मुलेही त्याच वहीला जर्नल म्हणतात. शास्त्रज्ञांचे जर्नल मात्र निराळे. आपल्या संशोधनाचा वृत्तान्त ते ज्या शोधपत्रिकेत छापतात, ते त्यांचे जर्नल. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली काढलेली अशी पत्रिका आजही निघते.

निबंध आला की संपादक तो त्या विषयातल्या दोनतीन तज्ज्ञांकडे पाठवतात. पद्धत बरोबर आहे का, आकड्यांवरून निष्कर्ष निघतो का, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय त्याला दिले आहे का, हे ते पाहतात. पण प्रयोग खरोखर झाला होता का, हे त्यांना घरबसल्या कसे कळणार? तिथे लेखकाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

हा विश्वास मोडला तर काय होते? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यान हेंड्रिक शोन हा तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ काम करीत असे. सेंद्रिय पदार्थांच्या रेणूंपासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे त्याचे निबंध ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नामवंत पत्रिकांत छापून येत. २००१ साली तर दर आठ दिवसांना एक या सरासरीने त्याचे निबंध निघत होते! इतरांना मात्र ते प्रयोग काही केल्या जमेनात. कित्येक तरुण संशोधकांची उमेदीची वर्षे त्यात वाया गेली.

अखेर चोरी पकडली गेली ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीमुळे. कोणत्याही नाजूक मापनात बारीक, अनियमित चढउतार असतात, रेडिओच्या खरखरीसारखे. त्यांना ‘नॉइज’ म्हणतात. ही खरखर दोन वेळा हुबेहूब सारखी येऊच शकत नाही. २००२ मध्ये लिडिया सोन आणि पॉल मॅक्युएन या भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की शोनच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत खरखर तंतोतंत एकच आहे. तुम्हीच पाहा ना: साध्या दोलकाच्या वीस आंदोलनांचा काळ दोघा मुलांनी दहा वेळा मोजला आणि दहाही वाचने सेकंदाच्या दशांशापर्यंत जुळली, तर सरांना निराळा पुरावा लागत नाही. चुका हाच खऱ्या प्रयोगाचा अंगठा असतो.

माल्कम बीसली यांच्या समितीने चोवीस आरोप तपासले. सोळा सिद्ध झाले. शोनजवळ धड प्रयोगवही नव्हती, आणि संगणकात जागा नव्हती म्हणून मूळ आकडे पुसले, असे त्याने सांगितले. त्याची नोकरी गेली. जर्नलमधला चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका, एका रेघेने खोडा, असे आम्ही का बजावतो ते आता कळले असेल.

हे झाले पत्रिकेला फसवणे. पण पत्रिकाच खोटी निघाली तर? पैसे भरा, चार दिवसांत निबंध छापून घ्या. तपासणी कसली ती नाहीच. असा धंदा आपल्या देशात जोरात चालला, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत आम्हा प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापलेल्या निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले. (मी साधा एम.एस्सी., तरी ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणून निबंध मागणारी पत्रे मला संगणकावर नित्य येतात.)

आयोगाची मान्यताप्राप्त पत्रिकांची एक यादी होती. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची झडती घेतली. आपल्याकडचा संत्र्यांचा व्यापारी पेटीचा वरचा थर पाहून भाव करीत नाही, खाली हात घालतो, तसेच हे. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या १००९ पत्रिका त्यांनी तपासल्या. ३४.५ टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे यांसारखी साधी माहितीही मिळेना, किंवा ती चुकीची निघाली. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी इतर खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच तोकडी होती. हा निबंध मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. मे महिन्यात आयोगाने ४३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून पारख विद्यापीठांवर सोपवण्यात आली. मला त्याचे फारसे दुःख नाही. यादी हाती असली की माणूस स्वतः वाचायचे सोडतो.

त्या खोट्या माहितीत एक गंमत होती: चुकीचा आय.एस.एस.एन. क्रमांक. नियतकालिकाला मिळणाऱ्या या आठ आकडी क्रमांकाची एक परीक्षा तुम्हालाही करता येईल. ‘करंट सायन्स’चा क्रमांक आहे ००११-३८९१. डावीकडून पहिल्या आकड्याला ८ ने, दुसऱ्याला ७ ने, असे उतरत्या क्रमाने शेवटच्याला १ ने गुणा आणि बेरीज करा: ०+०+६+५+१२+२४+१८+१ = ६६. बेरजेला ११ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. (शेवटी ‘एक्स’ असेल तर तो १० धरा.) भाग गेला म्हणजे पत्रिका चांगली, असे मात्र नव्हे, केवळ क्रमांकाची रचना बरोबर आहे, एवढेच.

आता त्यातले ८ आणि ९ यांची अदलाबदल करा. बेरीज ६७ येते आणि लबाडी उघडी पडते. ११ ऐवजी १० ने भागायचे ठरवले असते, तर चुकीचा प्रत्येक आकडा असाच सापडला असता का? कागद-पेन्सिल घेऊन पाहा.