मातीविना शेती, पण जिवाणूंविना नव्हे

मातीविना पिकविलेल्या पालेभाज्या मोठ्या शहरांच्या बाजारात आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पारदर्शक डब्यातले मुळांसकट लेट्यूस किंवा कोवळा पालक पाहिला की ग्राहकाला स्वच्छतेची खात्री आपोआप वाटू लागते. माती नाही, शेणखत नाही, गुरांचा वावर नाही. मग रोगजंतू येणार कोठून? हा तर्क अर्धाच खरा आहे. हायड्रोपोनिक्स अर्थात जलशेतीत पाणी हेच शेत असते, आणि त्या पाण्यात जे उतरेल ते प्रत्येक रोपाच्या मुळाशी जाऊन पोहोचते.

या पद्धतीत पोषकद्रव्यांचे द्रावण टाकीतून पंपाने नळ्यांत सोडले जाते, मुळांना स्पर्शून ते पुन्हा टाकीत येते आणि तेच पुन्हा वापरले जाते. पाण्याची बचत होते ती यामुळेच आणि धोकाही यातच आहे. उघड्या शेतात एखाद्या पक्ष्याची विष्ठा पडली तर आसपासची थोडी रोपे दूषित होतील. येथे एकच टाकी साऱ्या वाफ्यांना पाजते. द्रावणाचा सामू साधारण साडेपाच ते साडेसहा ठेवतात. पिकाला मानवणारा हा सामू ई. कोलाय व साल्मोनेला यांनाही सहज सोसतो. नळ्यांच्या आत बुळबुळीत थर साचला की जिवाणू त्यात दडून राहतात आणि टाकीत औषध टाकले तरी सहज मरत नाहीत. काही जिवाणू मुळांच्या जखमांतून रोपाच्या आत शिरू शकतात, हेही प्रयोगांत दिसले आहे. आत गेलेला जंतू धुऊन निघत नाही.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. अमेरिकेत २०२१ मध्ये इलिनॉय राज्यातील रोशेल येथील एका हरितगृहात जलशेतीने पिकविलेल्या सॅलडशी साल्मोनेलाच्या साथीचा संबंध जोडला गेला. चार राज्यांतील ३१ जण आजारी पडले. तपासात तोच जिवाणू हरितगृहाशेजारच्या पावसाळी पाण्याच्या तळ्यात सापडला. पीक छपराखाली होते, जंतू मात्र बाहेरच्या पाण्यात होता. त्याआधी १९९६ मध्ये जपानच्या सकाई शहरात हजारो शाळकरी मुलांना ई. कोलाय ओ१५७ची बाधा झाली, तेव्हा आरोग्य खात्याच्या संशयाचे बोट पाण्यावर वाढविलेल्या मुळ्याच्या अंकुरांकडे वळले होते. जर्मनीत २०११ साली पन्नासहून अधिक बळी घेणाऱ्या साथीचा माग तर आपल्या ओळखीच्या मेथीपर्यंत, इजिप्तहून आलेल्या तिच्या बियाण्यापर्यंत लागला. म्हणजे पाणी, बियाणे आणि हाताळणाऱ्यांचे हात या तीन वाटा मोकळ्या राहतात.

त्यांतल्या पहिल्या वाटेचा विचार नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा डोळ्यांसमोर ठेवून करता येईल. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे, दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे हे शहादा तालुक्यातील तीर्थक्षेत्र. येथे तापीवर बॅरेज आहे, म्हणजे पाणी हाताशी आहे. परंतु नदी येथवर येते ती वरच्या गावांचे व शहरांचे सांडपाणी पोटात घेऊन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाराष्ट्रातील तापीचे नाव होते. हे पाणी केळी-पपईला दिले तर फळाची साल आणि जमिनीपासूनची उंची यांचा आडोसा राहतो. पपईचे फळ कोणी मुळासकट खात नाही. तेच पाणी लेट्यूसच्या टाकीत सरळ सोडणे मात्र निराळे. अतिनील किरणांचा दिवा बसविला की काम झाले, असा समज आढळतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ते किरण खोलवर पोहोचतच नाहीत. आधी वाळूच्या गाळणीने पाणी नितळ करावे लागते, मग निर्जंतुकीकरण. खानदेशच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, मुळे कुजू लागतात आणि जिवाणूंचे फावते.

यावर देखरेख कोणाची? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम १८ नुसार शेतकरी आणि शेतावरचे उत्पादन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. लहान शेतकऱ्याला परवान्याच्या जाचातून वाचविणारी ही तरतूद समजण्यासारखी आहे. मात्र हरितगृहातून निघालेली भाजी न शिजवता थेट ताटात जात असेल, तर टाकीतल्या पाण्याची नियमित ई. कोलाय तपासणी उत्पादकाच्या मर्जीवर सोडणे पटत नाही.

आपल्या स्वयंपाकघराला एक जुने संरक्षण होते. पालक, मेथी, चुका, अंबाडी हे सारे कढईतून गेल्याशिवाय पानात येत नसे, आणि नीट शिजविल्यावर हे जिवाणू मरतात. कच्च्या सॅलडने ते संरक्षण काढून घेतले. वाहत्या पाण्याखाली पाने धुतल्याने जंतू कमी होतात, नाहीसे होत नाहीत. डबा शीतकपाटात ठेवणे आवश्यकच. परंतु लिस्टेरिया हा जिवाणू तेथेही सावकाश वाढतो. म्हणूनच गर्भवती, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांच्या पानात हा पाला, डब्यावर काहीही छापलेले असो, शिजवूनच वाढावा.