मेजासाठी लाकूड घेताना

पोरं जमिनीवर वाकून लिहितात. मान दुखते, पाठ अवघडते. त्यांना बसकं मेज हवं. ते गावचा सुतार करील, नाहीतर आपल्याच हातानंही होईल. पण लाकूड चुकलं, तर मेहनत वाया जाते.

आमचंच सांगतो. मुलीसाठी मी मेज केलं. वर उघडणारं झाकण, आत वह्यांना जागा. वखारीत आंब्याची रुंद फळी स्वस्त मिळाली. ती हाताला गार लागत होती. मी मनावर घेतलं नाही. झाकणाखाली दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या ठोकल्या. उन्हाळ्यात झाकण मधोमध चिरलं. पावसाळ्यात तेच फुगून घट्ट बसलं. वह्या आत, आणि शाळेची घंटा झालेली!

असं का झालं? लाकडात बारीक नळ्या असतात. झाड उभं असताना त्यांतून पाणी वर चढतं. झाड तोडलं तरी ओल आत राहते. ती सुकते तशी फळी आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन फळी पुन्हा थोडी फुगते. मी ती खिळ्यांनी जखडली होती. तिला हलायला जागाच नव्हती, म्हणून ती फाटली.

फळी सुकी आहे का, हे कसं ओळखायचं? तिचा एक तुकडा मागून घ्या. वाण्याकडे वजन करा. आठ दिवस चुलीजवळ ठेवा आणि पुन्हा तोला. वजन बरंच उतरलं, तर फळी ओली आहे. अशी फळी सावलीत, मध्ये काड्या घालून, काही महिने रचून ठेवा.

सागवान सगळ्यांत चांगलं. ते कमी आकसतं, वाळवीही त्याला सहसा लागत नाही. पण हे गुण गाभ्याच्या लाकडाचे. सालीजवळचं पांढुरकं लाकूड किडतं. नवं सागवान महाग पडतं. त्यापेक्षा पडक्या घराचं जुनं दार किंवा तुळई मिळते का, पाहा. ती वर्षानुवर्षं सुकलेली असते. मात्र करवत लावण्याआधी जुने खिळे काढा, नाहीतर दाते जातील. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. बाभूळ गाडीला आणि अवजारांना ठीक. मेजाला ती जड होते.

बांधावरचं झाड आपलंच, म्हणून तोडू नका. सागवान, आंबा, फणस यांसाठी १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते.

आता लोखंडी सामान. खिळ्यापेक्षा स्क्रू बरा. तो घट्ट धरतो आणि पुन्हा काढता येतो. आधी बारीक भोक पाडा. स्क्रूला थोडा साबण लावा, म्हणजे तो सहज जातो. फळीच्या टोकाकडून, म्हणजे रेषांच्या दिशेनं मारलेला स्क्रू नीट धरत नाही. आडव्या पट्टीचा मधला स्क्रू घट्ट आवळा. कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोकं ठेवा, म्हणजे फळी हलू शकेल. कोकणात लोखंड लवकर गंजतं. तिथं बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे घ्यावेत.

मेज उन्हाळ्यात करत असाल, तर झाकणाच्या कडेला एक सूत फट ठेवा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उंचीसाठी पोराला मांडी घालून बसवा. कोपर येतं तिथवर मेज हवं.

आमच्या मेजाला पुढं जुन्या दाराच्या सागवानी फळीचं झाकण केलं. बाकीचं आंब्याचंच आहे. मुलगी त्यावरच लिहिते.